बावन्न पायऱ्या, न थरथरता

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मुलुंडमधल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दिनू सावंतच्या आईंना खुर्चीसकट खाली आणायला सुरुवात झाली. वय चौऱ्याऐंशी. पायऱ्या बावन्न. लिफ्ट नाही. इमारत पाडायची असल्याने आमच्यासकट बाकीची बिऱ्हाडं आधीच गेली होती.

शनिवारी रंगीत तालीम झाली. आईंच्या जागी मला बसवलं आणि हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. दुसऱ्या मजल्यावर पाणी सांडलं.

"परत वर," दिनू म्हणाला.

असं तीनदा झालं.

दिनू प्रयोगशाळेत काम करतो. विद्युतभार असलेला एकेक अणू निर्वात डबीत विजेच्या जोरावर अधांतरी धरायचा आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा, हे त्याचं काम. क्वांटम संगणक मोठा करायचा तर सगळे अणू एका जागी मावत नाहीत, ने-आण करावी लागते. नेताना अणू थरथरला की आकडेमोड बिघडते. कधी अणूच निसटतो. "पुढची जागा तयार झाल्याशिवाय मागची सोडायची नाही," हे दिनूचं ठरलेलं वाक्य. दुधाचं पातेलं गॅसवरून उचलण्याआधीही तो ओट्यावरची जागा हात लावून बघतो.

दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत त्याने आईंच्या जुन्या पलंगासारखाच दुसरा पलंग टेपने मोजून मांडला. भिंतीला जुन्या खोलीसारखाच हिरवा रंग दिला.

"अरे, आई आहे ना ती? अणू आहे काय?" तळमजल्यावरचे कांबळे म्हणाले.

"अणू असता तर घाबरलो नसतो. निसटला तर दुसरा घेतो. सगळे सारखेच असतात."

विस्मरणाच्या आजारामुळे आई आता एकट्या दिनूला ओळखतात, 'बाबल्या' म्हणून हाक मारतात. हलवताना तेवढंही जाईल, ही त्याची भीती.

रविवारी त्याने ताकीद दिली : कोणी बोलायचं नाही. आवाजानेही थरथर होते. दिनू, कांबळे, रखवालदार आणि मी, चौघांनी खुर्ची उचलली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आईंनी चारही चेहरे पाहून घेतले.

"मेलंय काय रे मी? चौघे उचलून नेतत, कोण बोलणा नाय!"

कांबळेंचा हात सुटता सुटता राहिला. खुर्ची जोरात हलली. दिनूच बोलायला लागला.

"आई, मी बाबल्या. जिती असस गो तू. ही अठरावी पायरी."

तिथून तो बोलायचा थांबला नाही. पायऱ्या मोजल्या. काल ती काय जेवली ते सांगितलं. मग लहानपणी तिने त्याला कशाकशासाठी मारलं, ते क्रमवार.

अकरा वाजता आईंना नव्या पलंगावर टेकवलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि खोलीत कोण कोण आहे ते पाहिलं.

मी संध्याकाळी सहाला निघालो. तोपर्यंत त्यांनी त्याला 'बाबल्या' म्हणून हाक मारलेली नव्हती. दिनू पलंगाशी बसून बोलत होता.