अजिबात दुखणार नाही

दातांच्या डॉक्टरांनी आजवर गावभरचे दात काढले होते, पण स्वतःच्या थोरल्या लेकीचा एक हलता दात काही त्यांच्या हाती लागत नव्हता. लेक सहा वर्षांची. खालचा पुढचा दात नुसता नावाला हिरडीला चिकटून होता. पण डॉक्टर "आ कर बघू" म्हणाले की ती ओठ गच्च मिटून घ्यायची.

"अगं, अजिबात दुखणार नाही!"

"तुम्ही सगळ्यांनाच असं सांगता," ती मिटल्या ओठांतूनच म्हणायची, "आणि मग ते लोक ओरडतात."

दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत असल्यामुळे हा सगळा पुरावा तिनं स्वतःच्या कानांनी गोळा केला होता. तो तिनं स्वतःपुरता ठेवला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण परवा बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना तिनं तो मोठ्यानं सांगितला आणि एक गृहस्थ चपला न घालताच घरी गेले.

त्याच रात्री जेवताना डॉक्टर फुशारकीनं सांगत होते की, लहानपणी मी एवढा मोठा मासा पकडला होता. (दुसऱ्या हातात ताक असल्यामुळे 'एवढा' त्यांना एकाच हातानं दाखवावा लागला. नाहीतर मासा आणखी वाढला असता.) खरं तर त्यांनी जन्मात गळ धरला नव्हता. त्यांचे काका मासे पकडायला बसले की हे शेजारी बसून बडबड करायचे, आणि काका त्यांना घरी पिटाळायचे.

"खोटं!" लेक म्हणाली. "आता पकडून दाखवा. मग मी आ करीन."

"येत्या रविवारी तळ्यावर!" डॉक्टर बोलून गेले.

"अहो, तिला सफरचंद द्या चावायला," बायको म्हणाली. "आपोआप पडेल दात."

"प्रश्न दाताचा नाही," डॉक्टर गंभीर झाले. "माझ्या शब्दावर माझ्या पोरीचाच विश्वास नाही!" आणि खरंच, त्यांना त्याचं फार वाईट वाटत होतं.

रविवारी सगळी वरात तळ्याकाठी पोहोचली. नवी कोरी काठी, नवा गळ, छत्री, सतरंजी आणि कडेवर धाकटा. त्याला सगळे भोपळ्या म्हणत, आणि तो खायला सतत तयार असे. काठावर आधीच एकजण घडीच्या स्टुलावर बसले होते. डॉक्टरांना पाहताच त्यांनी घाईघाईनं टोपी गालावर ओढली. हे वकीलसाहेब. त्यांची अक्कलदाढ काढायची होती, पण दर वेळी नवी तारीख मागून ते सटकत.

"काय वकीलसाहेब, दाढ काय म्हणते?"

"हळू बोला डॉक्टर, मासे पळतात," वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या बादलीत एक चांगला हातभर मासा शेपूट आपटत होता.

डॉक्टरांनी तिकडे पाहणं टाळलं आणि गळाला लावायला पावाच्या गोळ्यांचा डबा उघडला. डबा रिकामा. भोपळ्या तोंड पुसत होता.

"अरे, ते माशांचं होतं!"

"मीठ नव्हतं," भोपळ्यानं तक्रार केली.

शेवटी वकीलसाहेबांनी एक गांडूळ उसनं दिलं. लेकीनं आधी त्याची चौकशी केली. "बाबा, ह्याला दुखेल?"

"अजिबात नाही," डॉक्टर सवयीनं म्हणाले. लेकीनं आईकडे असं पाहिलं, की आईनं छत्रीआड तोंड लपवलं.

आता काहीतरी रुबाबात करणं भाग होतं. डॉक्टरांनी काठी मागे नेली, "बाजूला व्हा!" म्हणून गर्जना केली आणि जोरात फेक केली. गळ पाण्यात काही पडला नाही. तो त्यांच्याच डाव्या कानाच्या पाळीत रुतला, आणि शेजारी गांडूळ डुलासारखं लोंबू लागलं.

"बाबांनी बाबा पकडले!" भोपळ्यानं टाळ्या पिटल्या.

"हलू नका," वकीलसाहेब पक्कड घेऊन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसत होतं कोण जाणे. "बसा ह्या स्टुलावर. मान मागे. हा रुमाल धरा दातांत. अजिबात दुखणार नाही."

"अं अं..."

"काय मग, सुट्टीत कुठे जाणार? मुलं काय म्हणतात? तुमच्या खुर्चीत तोंडात बोळा असताना तुम्ही मला हेच विचारता ना?"

बोलता बोलता त्यांनी गळाचं टोक पाळीतून पार पुढे काढलं, पकडीनं कापलं आणि उरलेला गळ मागे ओढला. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तळं गरगर फिरलं. रुमाल चावल्यामुळे तेवढी किंकाळी आतच राहिली.

समोर लेक उभी होती. टक लावून.

"बाबा, दुखलं?"

कान ठणकत होता. पण 'हो' म्हटलं असतं तर शब्द जन्माचा गेला असता. डॉक्टरांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि हसले. "छे गं! अजिबात नाही."

लेकीनं त्यांचा कान निरखून पाहिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे खरंच दुखत नाही?"

"नाही, राजा." डॉक्टरांचा ऊर भरून आला. हात धुवायला ते पाण्याकडे वळले. "चल, आ कर."

मागे वळून पाहतात तो लेक वकीलसाहेबांसमोर आ वासून उभी.

"अगं, इकडे!"

"मासा काकांनी पकडलाय," ती म्हणाली. "आणि काकांच्या हातचं दुखत नाही, तुम्हीच सांगितलंत."

वकीलसाहेबांनी घाबरत दोन बोटं लावली, तर दात त्यांच्या तळहातावर.

"दुखलं?" डॉक्टरांनी पडेल आवाजात विचारलं.

"अजिबात नाही!"

सोमवारी सकाळपासून लेक दवाखान्यातल्या बाकापुढे उभी राहून प्रत्येकाला खिंडार दाखवत होती आणि छातीठोकपणे सांगत होती की, दुखत नाही. डॉक्टर आतून कौतुकानं ऐकत होते. कान अजून ठणकत होता, पण बाहेर गर्दी वाढत होती. कुणीही पळून गेलं नव्हतं.

एवढ्यात मदतनीस बाई आत आल्या.

"डॉक्टर, बाहेर सगळे विचारतायत, ते वकीलसाहेब किती वाजता बसतात?"