शेऱ्याचा रकाना

काटेसाहेबांना दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर एक वही, एक ताकीद आणि एक आकडा मिळाला. वहीत रोज सकाळी उपाशीपोटी वजन लिहून ते फोनवर कळवायचं होतं. ताकीद मिठाची होती. आणि आकडा होता बहात्तर.

"तुमचं वय, हृदयाचा जोर, रक्त, वजन, सगळं संगणकात घातलं," डॉक्टरांनी समजावलं होतं. "अशा शंभर पेशंटपैकी बहात्तर जण पुढचं वर्ष नीट काढतात."

"मी त्या बहात्तरात की उरलेल्या अठ्ठावीसात?"

"ते संगणक सांगत नाही."

"मग सांगतो काय तो?" काटेसाहेबांनी विचारलं, तेव्हा बायकोने त्यांना बाहीला धरून बाहेर आणलं होतं.

माणूस तसा भांडखोर नव्हे. पण चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून काढलेली. काटेसाहेब हे बाजाराने दिलेलं नाव, खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ते वळणावर दिसले की दुकानदार तागडी पुसायला घ्यायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना पितळेचं पाच किलोचं प्रमाणित वजन भेट दिलं. इतरांच्या घरी जिथे मुलाबाळांचे फोटो असतात, तिथे काचेच्या कपाटात ते वजन होतं. मुलीचा फोटो त्याच्या मागे होता.

ही मुलगी महिनाभराची रजा काढून वडिलांच्या सेवेला आली होती. वाकायचं नाही असं त्यांना बजावलेलं, म्हणून वजनकाट्यावर ते उभे राहायचे, आकडा ती वाचून लिहायची आणि खाली सही ते करायचे. दवाखान्यात वजन चौसष्ट भरलं होतं. घरी पहिल्याच सकाळी बासष्ट भरलं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं आणि वजन चढतं, हे एव्हाना घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. दोन किलो उतरले म्हटल्यावर सगळे खूश झाले. फोनवर दवाखान्यातल्या सिस्टरही "शाब्बास, आजोबा" म्हणाल्या. जिना चढताना त्यांना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत होती आणि चेहरा पांढराफटक दिसत होता. पण आकडा चांगला असल्यावर चेहऱ्याकडे कोण बघतो.

घरात एकच कुरबुर होती, मिठाची. ती रोज दोन्ही जेवणांना व्हायची.

"अगं, हे जेवण आहे की काढा?"

"काढाच समजा," बायको म्हणायची.

"एक चिमूट दे. कुणाला कळणार आहे?"

"चिमूट नाही नि दाणा नाही. मला तुम्ही बहात्तरात हवे आहात." मिठाची बरणी स्वयंपाकघरातल्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची.

आठव्या दिवशी दुपारी काटेसाहेब स्टुलावर बसून नखं कापत होते. समोर वजनकाटा रिकामा पडला होता. सहज नजर गेली आणि नेलकटर हातातच राहिलं. काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या दोन घरं अलीकडे उभा होता.

त्यांनी कपाटातून पितळेचं वजन काढलं आणि धापा टाकत काट्यावर ठेवलं. पाच किलोला काट्याने तीन दाखवले. म्हणजे निरीक्षकाच्या घरात आठ दिवस खोटा काटा चालू होता आणि त्या खोट्या वजनांखाली निरीक्षकाची सही होती. एखाद्या दुकानात हे सापडलं असतं, तर त्यांनी मालकाला चारचौघांत उभं केलं असतं.

खालचं चाक नाण्याने फिरवून त्यांनी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा तपासला. पाचला पाच. मग वही उघडली. जुने आकडे दुरुस्त करणं म्हणजे खाडाखोड, आणि खाडाखोड त्यांनी जन्मात केली नव्हती. बाजूला शेरा लिहावा म्हटलं, तर वहीत शेऱ्याचा रकानाच नव्हता. मुलीला तोंडी सांगता आलं असतं, पण जीभ रेटेना. उद्या बघू, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. "बाबा, चौसष्ट? एका रात्रीत दोन किलो?"

काटेसाहेब काट्यावरून उतरले आणि वहीत सही करून मोकळे झाले. तिने फोन लावला.

"पायावर सूज आहे का?" सिस्टरने विचारलं. बायकोने घोटा दाबून पाहिला. काल दाबला नव्हता, त्यामुळे आज तो सुजल्यासारखाच वाटला.

"आहे म्हणावी लागेल."

"धाप?"

"ती तर आहेच."

अर्ध्या तासाने डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. जेवून लगेच घेऊन या, ॲडमिट करावं लागेल. मुलीने दबक्या आवाजात काहीतरी विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवला. "बहात्तराचे चोपन्न झाले म्हणाले," ती आईला म्हणाली.

जेवायला बसल्यावर काटेसाहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "हे जेवण आहे की..."

बायको उठली. कमरेची किल्ली काढून तिने कपाट उघडलं, मिठाची बरणी आणली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. झाकणही काढून दिलं.

"घ्या हवं तेवढं," ती म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने वाद न घालता एखादी गोष्ट दिल्याचं त्यांना आठवेना. दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्राने त्यांना घाबरवलं नव्हतं, ते त्या बरणीने घाबरवलं. आपण खरंच चाललो आहोत असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे हिला तसं वाटतं आहे हे दिसलं. काटा आपण फिरवलाय हे ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात रिक्षा आली.

दवाखान्यात रक्त काढून झालं. मग सिस्टर पाणी उतरवायचं मोठं इंजेक्शन भरून आल्या. बायकोने त्यांचा हात धरला. तिने तो घट्ट धरून ठेवला, आणि ते काटेसाहेबांना सोसवेना.

"थांबा," ते म्हणाले. "अंगात पाणीबिणी नाही. काटा खोटा होता, मी काल दुरुस्त केला. वजन पहिल्यापासून चौसष्टच आहे. गुन्हा माझा आहे, लिहून घ्या."

सिस्टरांनी इंजेक्शन खाली ठेवून डॉक्टरांना बोलावलं. मग बायको म्हणाली, "आणि सकाळपासून तोंडात काय धरून बसला होतात?" तिने हात सोडून दिला.

डॉक्टरांनी पाय स्वतः दाबून पाहिले, छाती ऐकली. सूज नव्हती. "मग एवढी धाप कशाची?" ते पुटपुटत होते, तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली होतं. डॉक्टरांनी बहात्तरचा आकडा ज्यावरून काढला तो जुना फॉर्म मागवला. तिथे साडेबारा लिहिलं होतं.

"हा आकडा कुठून आला?"

सिस्टरांनी मान खाली घातली. "नवा रिपोर्ट यायचा होता, सर. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरून उतरवला. तुम्ही सही केली."

डॉक्टरांचे कान लाल झाले. आदल्या दिवशी स्टुलावर बसलेल्या माणसाची अवस्था काय होती, हे त्या खोलीत फक्त काटेसाहेबांना माहीत होतं. त्यांना या तरुण डॉक्टरबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

"फॉर्मवर शेऱ्याचा रकाना ठेवत जा," ते हळूच म्हणाले.

खरं वजन आणि खरं रक्त घालून संगणकाने नवा आकडा दिला. एकोणपन्नास. बायको खुर्चीत बसली.

"घाबरू नका, काकू," डॉक्टर म्हणाले. "काकांचं वय काही मला कमी करता येत नाही. पण रक्तात लोह कमी आहे, ते भरता येतं, आणि ते का कमी झालं हेही शोधू. हे आज कळलं नसतं, तर आपण बासष्ट बासष्ट म्हणत बसलो असतो."

"या आकड्यात मान्य फरक किती?" काटेसाहेबांनी विचारलं.

"दहा इकडे, दहा तिकडे."

"एवढ्या फरकाला मी दुकानं बंद केली आहेत."

तीन आठवड्यांत दोनदा शिरेतून लोह गेलं. चेहऱ्यावर रंग आला आणि जिना अर्ध्यावर न थांबता चढता येऊ लागला. डॉक्टरांनी पुन्हा गणित करून नव्या आकड्याचा कागद पाकिटात घालून दिला. काटेसाहेबांनी तो पितळेच्या वजनाखाली ठेवला, उघडला नाही.

रजा संपवून संध्याकाळी निघताना मुलीने वही शेवटची चाळली. पट्टीने सरळ रेघ मारून बाबांनी एक नवा रकाना आखला होता. आठ बासष्टांपुढे लिहिलं होतं, 'काटा दोन किलो कमी. जबाबदार: मी.' त्याखाली आजच्या तारखेला, सहीसकट, आणखी एक शेरा होता.

'दुपारी मीठ मागितले. हिने बरणी हिसकावून घेतली व दहा मिनिटे बोलली. अंदाज समाधानकारक.'