कशावरून विचारणारा खळदकर

खळदकरला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय नव्हती. तो बॅग टेबलावर ठेवत गंभीरपणे विचारायचा, “कशावरून?”

ही चेष्टा नसायची. त्याला खरोखर जाणून घ्यायचं असायचं. बस गेली वाटतं? कशावरून? पाऊस येणार? कशावरून? कँटीनवाल्याने “बटाट्याची भाजी आहे” म्हटलं तरी हा चमच्याने फोड उलटीपालटी करून बघायचा आणि मगच ताट पुढे करायचा.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. भोसरीच्या एमआयडीसीत एका बाजूला गिअर कापणारं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला रबराचा कारखाना आणि मधल्या शेडमध्ये आमची संगणक बनवणारी छोटी कंपनी. मी बोर्ड जुळवायचो, खळदकर त्यांत जीव ओतायचा. संगणकाच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो. बाकीच्या प्रोग्रॅमना मेमरी, डिस्क, प्रिंटर कधी आणि किती मिळणार, ते तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. आमचा सोल्डरिंगवाला मुलाणी देहूरोडला लष्कराच्या शेजारात वाढलेला. खळदकर कुणा फौजी साहेबाची चाकरी करतो, अशी त्याची कितीतरी दिवस समजूत होती.

“काय खळदकरभाऊ, कर्नलसाहेब कसे आहेत?”

“बसलाय. सकाळपासून उठतच नाही.”

मुलाणी हळहळायचा. “वय झालं असंल हो.”

हा कर्नल जुन्या मोठ्या यंत्रावर झकास चालायचा. आता कंपनीला तो नव्या छोट्या यंत्रावर हवा होता. नव्याचा प्रोसेसर वेगळा आणि आपण लिहिलेलं प्रोसेसरला समजेल असं करून देणारा कंपायलरही वेगळा. जुनं यंत्र आकड्याचा धाकटा भाग आधी ठेवायचं, नवं थोरला. असे फरक नडतील त्या जागा शोधून शोधून खळदकर त्या नव्याने लिहीत होता. एकच कोड दोन्हीकडे चालला पाहिजे, हा त्याचा हट्ट.

“अहो, जुन्यावर चालतंय ना? मग तसंच उचला!” आमचे मॅनेजर सबनीस साहेब वैतागायचे.

“चालतंय तेच वाईट आहे, साहेब. चालतंय म्हणून कुणी विचारलंच नाही, का चालतंय.”

हे काम चाललं होतं त्याच वर्षी त्याने चाळिशीला टेकता टेकता लग्न केलं. मोशीच्या बालवाडीत शिकवणाऱ्या शांताबाईंशी. त्यांचे पहिले यजमान वारलेले, पदरात नऊ वर्षांची सुमन. पाहण्याच्या कार्यक्रमात दोन्हीकडच्या मंडळींनी तारखेची बोलणी सुरूही केली होती. तेवढ्यात खळदकर म्हणाला, “यांना हे लग्न करायचंय, हे कशावरून?”

दारामागून शांताबाई म्हणाल्या, “व्हय, मला कुणी इचारलंच न्हाई.”

मग त्याने विचारलं. त्या हो म्हणाल्या. “आधी न्हाईच म्हणणार हुते,” असं त्यांनी पुढे माझ्या बायकोला सांगितलं.

सुमन मात्र त्याला कुठल्याच नावाने हाक मारीत नसे. जेवायला बोलवायचं झालं तर ती भिंतीकडे बघून “ताट वाढलंय” म्हणायची. हे त्यानेच मला बसमध्ये सांगितलं.

“अरे, मग सांग की तिला, बाबा म्हण म्हणून,” मी म्हणालो.

“तिला बाबा होते,” खळदकर म्हणाला. “ती जागा रिकामी आहे असं मी कसं धरून चालू?”

इकडे एका साखर कारखान्याची मंडळी नवं यंत्र बघायला यायची होती. त्यांनी नापसंत केलं तर हे काम गुंडाळायचं, असं वरून ठरलेलं. आणि यंत्र सुरू करताच गोठायचं. सबनीस साहेब म्हणाले, चिप खराब. मला माझ्याच बोर्डाचा संशय. मुलाणीने सगळे टाके पुन्हा तपासले. फरक शून्य.

दोष सापडला तो खळदकरला. सुरू होताना कर्नल एकेक अक्षर वाचायचा आणि संपल्याची खूण म्हणून उणे एक हा आकडा आला की थांबायचा. जुन्या कंपायलरला अक्षराचा आकडा उणे झालेला चालायचा, नवा अक्षराला उणे मानायलाच तयार नव्हता. खूण येऊन जायची, कर्नलला ओळखू यायची नाही, आणि तो बिचारा वाचतच बसायचा.

“कोणत्या गाढवाने लिहिलंय हे?” सबनीस साहेब कडाडले.

“मीच,” खळदकर म्हणाला, आणि पडद्याकडे बोट रोखून स्वतःलाच दरडावून विचारू लागला, “कशावरून, खळदकर? कशावरून?” साहेब इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

कारखान्याची मंडळी आली, यंत्र सुरू झालं. एका संचालकांनी मान डोलावत विचारलं, “पण राव, उद्याबी चालंल ना?” खळदकरने “कशा…” एवढं म्हणेपर्यंत सबनीस साहेबांनी त्याच्या बुटावर बूट ठेवला होता. ऑर्डर मिळाली.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची, घरची माणसंही यायची. खळदकरने हळदीकुंकवाच्या भीतीने नव्या यंत्रावर प्लॅस्टिक घातलं होतं आणि झेंडूच्या हाराला तेवढी परवानगी दिली होती. शांताबाई बायकांत बसल्या होत्या. मी प्रसाद घेऊन दाराशी उभा होतो. नव्या फ्रॉकमधली सुमन एकटीच आत शिरली, तसं मुलाणीने तिला अडवलं.

“कुणाची गं तू?”

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “खळदकरांची हाय मी,” म्हणाली आणि पेढा घेऊन पळाली.

मी तडक आत गेलो आणि त्याला सांगितलं. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

“नक्की काय म्हणाली? तुझे नको, तिचे शब्द सांग.”

मी सांगितले. त्याने पुन्हा सांगायला लावले. मग तो खाली बसला, चष्मा काढून बाजूला ठेवला, प्लॅस्टिक सारलं आणि मान खाली घालून कीबोर्डवर भराभर टाइप करू लागला.

यंत्र पूजेसाठी बंद होतं.