राणी कलरचा कोट

एकावन्नावं वर्ष लागलं त्या आठवड्यात गुरुशांतनं ठरवलं, की आता आपण लोकांना दिसायचं.

तसा तो दिसायचा. पावणेसहा फूट उंचीचा माणूस न दिसून कुठं जाणार? पण तो कुणाच्या लक्षात राहायचा नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं एका गिरणीच्या सेलमध्ये बिस्किट कलरच्या कापडाचा अख्खा तागा घेतला होता. तेव्हापासून त्याचे सगळे शर्ट त्याच ताग्यातले. तागा संपतच नव्हता. त्याच्या बायकोनं, भुवनेश्वरीनं, त्यातून उशांचे अभ्रे शिवले, मिक्सरचं कव्हर शिवलं, तरी तो कपाटात होता तेवढाच. दुपारी गुरुशांत पलंगावर आडवा झाला, की नवरा कुठं संपतो आणि उशी कुठं सुरू होते ते कळत नाही, असं भुवनेश्वरी म्हणायची. (तिनं एकदा चुकून त्याच्या खांद्याला धरून झटकलं होतं, हेही खरं.)

करमाळ्याला भाचीच्या लग्नात तर कहर झाला. गुरुशांत नवरीचा सख्खा मामा. पंगतीत पाहुण्यांना आग्रह करत उभा होता. एका पाहुण्यानं त्याच्या हातात खरकटी पत्रावळ दिली आणि सांगितलं, "मठ्ठा पाठवून द्या की जरा." गुरुशांतनं मठ्ठा आणून दिला. वर "मीठ बरोबर आहे ना?" असंही विचारलं. राग आला तो परतीच्या एसटीत, टेंभुर्णी ओलांडल्यावर.

आणि आता घरात उत्कर्षाचा साखरपुडा आला होता. एकुलती एक मुलगी. मुलीचा बाप कोण, हे हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही कळलं पाहिजे, एवढीच त्याची इच्छा होती. फार नव्हती.

गुरुशांत चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकर होता. रंगवलेल्या टॉवेलवर पांढरं फडकं घासायचं, आधी कोरडं, मग ओलं. फडक्याला रंग लागला तर नापास, नाही लागला तर पास. बावीस वर्षं तो हेच करत होता आणि या एका बाबतीत त्याला भयंकर गर्व होता. मुलाकडच्यांचं घर बघायला अक्कलकोटला गेला, तेव्हा हात पुसायला दिलेल्या टॉवेलवरसुद्धा त्यानं स्वतःचा रुमाल ओला करून घासला आणि होणाऱ्या व्याह्यांना, म्हणजे पंचाक्षरीअप्पांना तोंडावर सांगितलं, "अप्पा, हा रंग दोन धुण्यांत जाणार." भुवनेश्वरीनं टेबलाखालून चिमटा काढला होता, पण तोवर बोलून झालं होतं.

कारखान्यातल्या अभिमन्यूला त्यानं मनातली गोष्ट सांगितली. अभिमन्यू कॉम्प्युटरवर बसायचा आणि स्वतः पोपटी शर्टावर केशरी घड्याळ लावून यायचा, म्हणून गुरुशांतला तो या विषयातला जाणकार वाटला.

"सर, तुमी लई सपक राहता," अभिमन्यू म्हणाला. "आता जेन्ट्सनी बोल्ड कलर घालायचा जमाना हाय. आणि वर एक स्टेटमेंट पीस पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस आत आला, की आधी ती वस्तू बोलली पाहिजे. माणूस नंतर."

गुरुशांतला हे फार पटलं. पन्नास वर्षांत तो स्वतः काही बोलून लोकांनी ऐकलं, असं झालंच नव्हतं.

त्यानं राणी कलरचं कापड घेतलं. खिशाला लावायला पिवळाधमक रुमाल घेतला. आणि स्टेटमेंट म्हणून छातीवर लावायला एक मोर घेतला. पितळी, पिसारा फुलवलेला, चोचीतून निघालेली साखळी थेट खिशापर्यंत. कापड घेऊन तो गुरुराज टेलरकडं गेला.

"रात्रभर भिजवून आणा," गुरुराज कापड चिमटीत धरत म्हणाला. "असला गडद माल भिजवल्याशिवाय मी कात्री लावत न्हाई."

"भिजवलं की त्याची चमक जाते. आणि रविवारी साखरपुडा आहे."

"रंग गेला म्हंजे?"

"गुरुराज," गुरुशांत हसला, "तू हे कुणाला विचारायलास?"

कोट शिवून घरी आल्यावर भुवनेश्वरीनंही तेच विचारलं. तेव्हा मात्र त्याचं टाळकं सरकलं. त्यानं कोटाच्या बाहीवर पांढरा रुमाल दहा वेळा घासून तिच्या नाकासमोर धरला. रुमाल स्वच्छ. "पास!" तो म्हणाला. (कोरडा पास. ओल्या रुमालानं घासायचं त्यानं सोडून दिलं, कारण मोर लावून बघायची घाई झाली होती.)

मे महिन्यातला रविवार. सोलापुरात सकाळी अकरालाच डांबर मऊ झालं होतं. हॉल घराच्या मागच्याच गल्लीत होता. गुरुशांत कोट घालून बाहेरच्या खोलीत आला तेव्हा उत्कर्षानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"पप्पा, हे तुम्ही घालणार? की कुणाला द्यायचंय?"

"मी घालणार."

"बरं," ती म्हणाली आणि आईकडं बघायला लागली. आई देवाकडं बघत होती.

पण कोटानं काम केलं, हे मान्य करायला पाहिजे. गुरुशांत हॉलच्या दारात उभा राहिला आणि अनोळखी माणसं आपणहून हात जोडायला लागली. "तुम्ही मुलीचे वडील ना?" एक, दोन, तीन. त्यानं मोजले. अकरा माणसांनी विचारलं. एकानंही मठ्ठा मागितला नाही. गुरुशांतला गहिवरून आलं. इतकी वर्षं आपण त्या ताग्यात का काढली, याचं त्याला खरोखर दुःख झालं.

त्यात घाम सुटला होता. दाराशेजारचा मोठा कूलर हवेपेक्षा पाणीच जास्त फेकत होता, आणि गार वाटतं म्हणून गुरुशांत नेमका त्याच्यासमोर उभा होता. पाऊण तास.

मग मुलाकडचे आले. पंचाक्षरीअप्पांची अक्कलकोटला अडत. मिरची-हळदीच्या पोत्यांत दिवस काढून संध्याकाळी पांढऱ्या शर्टावर एक डाग नाही, अशी त्यांची ख्याती. आज ते, त्यांचे दोघे भाऊ आणि नवऱ्यामुलाचे मामा असे चौघंही कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र लिननमध्ये होते.

व्याहीभेटीची वेळ झाली. आपल्याकडं वडिलांनी वडिलांना, काकांनी काकांना, मामांनी मामांना मिठी मारायची. पण गुरुशांतला भाऊ नव्हता आणि भुवनेश्वरीच्या भावाची गाडी मोहोळजवळ पंक्चर होऊन बसली होती.

"काही हरकत नाही," गुरुशांत छाती काढून म्हणाला. "सगळ्यांना मीच भेटतो."

त्यानं धाकट्या काकांना मिठी मारली. थोरल्या काकांना मारली. मामांना मारली. प्रत्येकाला तीन-तीन वेळा, उजवीकडून, डावीकडून, पुन्हा उजवीकडून, घट्ट. नवरामुलगा शिवराज तेवढा वाचला, कारण तो मोबाइलवर शूटिंग करत होता. शेवटी पंचाक्षरीअप्पा पुढं झाले. गुरुशांतनं त्यांना मायेनं कवटाळलं. पहिली भेट झाली, दुसरी झाली, तिसरी झाली आणि संपेना.

"बिड्री आता," अप्पा हसत म्हणाले. सोडा आता.

"सोडलंय, अप्पा."

"मग मागं व्हा की."

"मी झालोय. मोर होत नाही."

मोराचा पिसारा अप्पांच्या खिशाच्या शिवणीत शिरला होता आणि साखळी बटणाला गुंडाळली गेली होती. गुरुशांतनं मागं ओढलं, तर अप्पांचा शर्ट पुढं आला. अप्पा मागं गेले, तर गुरुशांत त्यांच्या अंगावर गेला. दोघं तसेच गोल फिरले. अप्पांच्या आई, शिवबाई आज्जी, पहिल्या रांगेत डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "किती जीव लावायलेत बघा एकमेकांना! आमच्या लग्नात न्हवतं बाई असं." फोटोग्राफरनंही "सर, असंच राहा" म्हणून चार फोटो काढले.

"साकु, साकु! पुरे आता!" अप्पा आता कानात ओरडत होते. "श्वास कोंडायलाय माझा!"

भुवनेश्वरी हार कापायची कात्री घेऊन आली आणि तिनं एका फटक्यात साखळी तोडली. दोघं व्याही सुटे झाले.



अप्पांच्या छातीवर, पोटावर, दोन्ही खांद्यांवर राणी कलर होता. हनुवटीवरही होता. लोकांनी माना वळवल्या, तर थोरले काका सरबत पीत उभे, तेही तसेच. धाकटे काका तसेच. मामा तर कुणाला तरी सांगत होते, "माणूस प्रेमळ हाय," आणि त्यांची स्वतःची छाती गुलाबी होती.

पंचाक्षरीअप्पांनी शर्टाकडं पाहिलं. मग गुरुशांतकडं.

"गुरुशांतराव," ते म्हणाले, "हा किती धुण्यांत जाणार?"

बावीस वर्षांच्या नोकरीत गुरुशांतला कुणी इतका रास्त प्रश्न विचारला नव्हता.  त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "ओलं करून बघावं लागेल, अप्पा."

"अजून ओलं?" अप्पांचा आवाज चढला. "बारा दहाचा मुहूर्त. साडेबाराला आमदारांचे पीए येणार. असल्या अवतारात मी स्टेजवर बसणार न्हाई. मुहूर्त टळला तर टळू दे!"

उत्कर्षाचे डोळे भरले. तिनं वडिलांकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हेच गुरुशांतला जास्त लागलं. तो मनातल्या मनात त्या मोराला, अभिमन्यूला आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या देत होता. पोरीच्या सुखाच्या दिवशी आपल्याला दिसायचं काय पडलं होतं?

"पंधरा मिनिटं थांबा," भुवनेश्वरी म्हणाली आणि पदर खोचून मागच्या गल्लीत पळाली.

परत आली तेव्हा तिच्या हातात पाच शर्ट होते. गेल्या दिवाळीला शिवलेले, घडी न मोडलेले. सगळे बिस्किट कलर.

"अप्पा, कोरे आहेत. आणि रंग जात नाही," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षं धुवायलीय. मरत नाही हो तो."

शिवबाई आज्जी एवढ्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "घाल रे पंचाक्षरी," त्या म्हणाल्या. "जन्मभर पांढरंच घातलंस. कुणीतरी रंगवायला पायजे होतं तुला." आईपुढं अप्पांचं काही चालेना. चौघं जण खोलीत जाऊन बदलून आले. पाचवा शर्ट गुरुशांतनं निमूटपणे चढवला. अप्पांच्या पोटावरची दोन बटणं लागली नाहीत, पण मुहूर्त लागला. उत्कर्षाच्या बोटात अंगठी गेली तेव्हा गुरुशांत रडला, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग फॅमिली फोटो. स्टेजवर एकाच कापडाची पाच माणसं उभी राहिली. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला.

"मुलीच्या वडिलांनी मधे यावं," तो म्हणाला.

गुरुशांत मधे आला.

"तुम्ही न्हाई हो काका. ते गुलाबी कोटवाले. आणि तेवढी ती खुर्ची बाजूला घ्या की."

गुरुशांतनं खुर्ची बाजूला घेतली.

आठ दिवसांनी फोटो आले. भुवनेश्वरीनं शेजारच्या कमलम्मांना मोबाइल दाखवला. कमलम्मांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "यातले उत्कर्षाचे वडील कुठले?"

"ते काय, कडेला," भुवनेश्वरी म्हणाली. "मान गुलाबी आहे ते आमचे."

पलंगावर बसलेल्या गुरुशांतचा हात मानेवर गेला. आठ दिवस साबण, बेसन, लिंबू, रॉकेल सगळं लावून झालं होतं. तो मुकाट्यानं उठला, एक पांढरं फडकं नळाखाली ओलं केलं आणि आरशासमोर उभं राहून मानेवर दहा वेळा खसाखसा घासलं. मग फडकं उजेडात धरून पाहिलं.

फडकं पांढरंशुभ्र होतं. पास.