रझियाआपा आणि डब्यातली जीभ

लातुरात राहून कच्चा कांदा न खाणारी माणसं असतीलही. पण शेजारी बसलेल्यालाही तो खाऊ न देणारी एकच, आमची रझियाआपा. कारखान्यात दुपारी डबे उघडले की ती एकेकाच्या डब्यात डोकावायची. कांदा दिसला की त्या माणसाची रवानगी थेट गेटजवळच्या लिंबाखाली.

"वासानं बिघडती माझी जीभ. अमानत हाय ती, बाबा!"

आपाचं काम चहा चाखायचं. आमचा कारखाना बाहेरून पत्ती मागवतो, मिसळतो आणि पुड्या भरतो. कुठली पत्ती कशात किती मिसळायची, हे आपाची जीभ ठरवायची. घोट घेताना ती असा आवाज काढायची की नवा माणूस उठून नळ फुटला का ते बघून यायचा. लग्नाला गेली तर नवरीच्या आधी चहा बघणार. "पत्ती उकळून उकळून मारली," असं यजमानाच्या तोंडावर सांगणार आणि मग आहेर देणार.

अशात शेठनी यंत्र आणलं. त्याचं नाव इलेक्ट्रॉनिक जीभ. दिसायला साधा डबा, खाली लोंबणाऱ्या चार-सहा सळया. त्या चहात बुडवायच्या. प्रत्येक सळईला चवीतलं वेगळं काहीतरी कळतं आणि सगळ्यांचं मिळून संगणकाच्या पडद्यावर एक चित्र उमटतं. ते चालवायला मी. मी मूळचा मुखेडचा, अन्नतंत्रज्ञान शिकून इथं लागलेला. शेठनी डब्याला हार घातला, नारळ फोडला. आपा लांब उभी होती.

"जीभ म्हणता, मग बोलून का न्हाई राहिली?"

त्या दिवसापासून कारखान्यात सवतीमत्सर सुरू झाला. यंत्राच्या खोलीला एसी आणि आपाच्या टेबलाशी भिंतीला वारा घालणारा पंखा! "माझ्या जिभेला घाम फुटला तरी चालतो. ती पडली महाराणी." सकाळी मला पहिला प्रश्न, "उठली का तुझी लाडकी?" शेठ पाहुण्यांना आधी डबा दाखवायला न्यायचे, तेव्हा आपा आपल्या कपावर तळहात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसायची. त्या खोलीत कौतुकानं डोकावलेल्या माणसाशी दिवसभर अबोला.

एकदा मी जेवायला गेलो असताना तिनं सळया चक्क तुरीच्या वरणात बुडवल्या. परत येऊन बघतो तर पडद्यावर काहीतरी वेडंवाकडं, आणि सळयांवर फोडणीचं तेल. आपा कमरेवर हात ठेवून उभी.

"वरण वळखंना, अन् म्हणं लातूरची!"

माझी सगळी दुपार सळया धुण्यात गेली.

रोजचं काम मात्र ठरलेलं. प्रत्येक कप आधी आपा चाखणार, दहापैकी मार्क देणार, मग यंत्र. तिला ही शर्यतच वाटायची. मी सुरुवातीलाच सगळं समजावलं होतं, पण 'यंत्र' या शब्दाच्या पुढचं तिनं काही ऐकलं नव्हतं. पहिल्या महिन्यात डबा अडखळायचा आणि आपा गुणगुणायची. हळूहळू डब्याचे मार्क तिच्या मार्कांजवळ यायला लागले, तसं गुणगुणणं बंद झालं. एक दिवस तर कपांची अख्खी रांग जुळली. आपानं हातातला कप दाणकन ठेवला.

"पेपर फुटला! माधव, तूच माझे मार्क तिला सांगून राहिला."

क्लासेसच्या गावात यापेक्षा मोठा आरोप नाही.

"सांगूनच राहिलो की, आपा. पहिल्या दिवसापासून. तिला दोन चहांतला फरक तेवढा कळतो. त्यातला चांगला कोणता, हे ती तुमच्या मार्कांवरून शिकली."

"अन् दुसऱ्या कुणाच्या?"

"दुसरं कोणीच नाही."

आपा खुर्चीवर बसली.

"मला तुरट आवडत न्हाई. शेठ म्हणत्यात, ही माझी खोड हाय. तिचं काय?"

"ती पण तुरटाला पाचच्या वर जाऊ देत नाही."

"खोड बी माझीच उचलली?" ती ओढणी तोंडाला लावून हसली. मग हसता हसता थांबली. "आमच्याकडं सगळे जमले की एकच गोष्ट. हा पोरगा दादीवर गेला, ती मामूवर गेली. माझ्यावर गेलेलं कुणी न्हाई, माधव."

आपाचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला होता. मूल नव्हतं. भाऊ हैदराबादला गेले आणि गंजगोलाईच्या बाजारामागच्या घरात ती एकटी राहायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणी कधी विचारलं नव्हतं.

पुढं शेठनी नांदेडला नवं युनिट काढलं आणि यंत्रासोबत मलाही तिकडं धाडायचं ठरलं. आपानं पेढे वाटावेत अशी बातमी. पण निघायच्या दिवशी ती आमच्या आधी गेटवर हजर. टेम्पोत चढून तिनं दोऱ्या ओढून बघितल्या, ड्रायव्हरला "अहमदपूरच्या पुढं सावकाश चालव" म्हणून बजावलं आणि मला बाजूला घेतलं.

"तिथलं पाणी गोदावरीचं. पाणी बदललं की जीभ रुसती. लगेच रागावू नको तिला."

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. माझी सख्खी आई मुखेडहून रविवारी एकदा फोन करते. आपा रोज करते आणि तोही माझ्यासाठी नाही. "काय पाजलं आज? किती दिले तिनं? पाणी मानवलं का?" खरं सांगतो, त्या डब्याचा मला हेवा वाटायला लागला. परवा न राहवून बोललोच, "आपा, कधी मला पण विचारा, जेवलास का म्हणून."

"तुला आई हाय," आपा म्हणाली. मग परत डब्यावर येत, "तिला सांग, आपानं विचारलं."

"तिला कान नाहीत, आपा."

"माहीत हाय. तरी सांग."