वेशी बदलल्या त्या दिवसाची बखर

श्री. जी तार शाबूत असता कोणास आठवत नाही आणि तुटली की अवघ्यांस आठवते, तीस आधी नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध अष्टमी, गौरी जेवणाचा दिवस, त्या दिवशी जे जाहले ते ऐकावे. एक राज्य होते. राज्य म्हणजे जमीनजुमला नव्हे बरं का. पल्याडच्या शहरी एक गारठलेले दालन, दालनात लोखंडी कपाटे, कपाटांत यंत्रे, आणि यंत्रांच्या पोटात राज्य, ज्यास लोक प्रायव्हेट क्लाउड म्हणतात. तेथल्या वाटा दगडमातीच्या नव्हत्या, नुसत्या हुकुमाने उभ्या राहात आणि हुकुमाने मोडत. एकाच तारेवरून साऱ्या महालांचे, म्हणजे कचेरीच्या खात्यांचे, जाणेयेणे चाले, पण ज्यास त्यास वाटे, वाट आपली एकट्याची आणि कोटही आपलाच. हे सारे नागोजी कडलग राखीत.

तेव्हा राज्याच्या वेशी, ज्यांस लोक फायरवॉल म्हणतात, त्या जुन्या जाहल्या, आणि ज्यांनी त्या घडविल्या त्यांनी कळविले की आता ह्यांची डागडुजी आम्ही करणार नाही, आणि मग नव्या बसविणे आले. असे काम राज्य रिकामे असता करावे हा रिवाज. आणि राज्य रिकामे होई गौरींना, अवघी कचेरी गावी जाई, आणि नागोजी तेवढे मागे राहात. तीन वर्षे बहिणीच्या गौरी त्यांनी फोनवरच पाहिल्या. ती म्हणाली होती, "दादा, गौरीसुद्धा वर्षातनं एकदा येतात. तू त्यांच्यापेक्षा मोठा लागून गेलास का?" तेव्हा नागोजींनी मनाशी बांधले, ह्या खेपेस वेशी बदलून टाकायच्या आणि पुढल्या गौरींना गावी जायचे.

मग सकाळी काम मांडले. प्रत्येक वेशीत दोन पहारेकरी, तेही यंत्रेच, एक कामावर, एक बसून. बसलेल्यास आधी नवा करावा, मग वाहतूक त्याच्याकडे वळवावी, आणि मग दुसऱ्यास नवा करावा, म्हणजे वाटसरूस धक्का नाही. ऐसे करता करता सर्व वेशी नव्या जाहल्या. शिवाय एक बंदोबस्त ठेविला, की दिवेलागणीपर्यंत नागोजींनी आत जाऊन 'कायम' म्हणावे, न म्हटल्यास नव्या वेशी आपोआप मोडून जुन्या उभ्या राहाव्यात. आणि नव्या पहारेकऱ्यांचा स्वभाव असा, की ज्याची ओळख करून दिली तोच आत, बाकी सर्वांस मज्जाव. नागोजींनी पगाराच्या महालाची ओळख दिली, मालाच्या गोदामाची दिली, अगदी कॅन्टीनच्या कुपनांचीही दिली, आणि स्वतःची द्यायची राहिली. हुकूम सोडला आणि समोरचा पडदा जागीच थिजला. आत सारे सुरळीत चालले होते आणि बाहेर एकटे नागोजी.

कचेरीचे मुख्य जे दिवाणजी, त्यांस फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दोघांस केला, ते पंगतीत. दालन दूर, दिवेलागणीच्या आत पोहोचणे नाही, आणि 'कायम' न म्हटले तर जुन्या वेशी परत, म्हणजे पुढल्या गौरीही गेल्या. मग दालनाच्या पहाऱ्यावरल्या हौसाबाईंस फोन लाविला. आत जायला एक मागली वाट होती, एका लहान पेटीतून, पण चोरवाट नको म्हणून दिवाणजींनी तिची तार काढून ठेवविली होती. ती कोणी दालनात हाताने जोडावी तेव्हाच त्या वाटेने शिरता येई.

हौसाबाई म्हणाल्या, "कोण तुम्ही? अनोळखी माणसाचं ऐकून कशाला हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलंय मला."

"बाई, मी नागोजी. तिसऱ्या कपाटावर चिठ्ठी आहे बघा, 'हात लावू नये, नागोजी.' ती मीच चिकटवली."

बाई गेल्या, बघून आल्या. "ते तुम्ही होय. मला वाटलं नागोजी मेला असंल. इतकी वर्षं चिठ्ठी बघते, माणूस काही बघितला नाही."

"अजून आहे जिवंत."

"मग हात लावू नये म्हणताय आन् लावा पण म्हणताय. धड एक काय ते सांगा."

"लावा बाई. माझ्या शब्दावर लावा. पेटीखाली निळी तार लोंबत असंल."

मग बाईंनी तार जोडली, आणि नागोजी मागल्या दाराने आपल्याच राज्यात शिरले, पहारेकऱ्यास आपली ओळख दिली आणि 'कायम' म्हटले. बाहेर दिवे लागत होते.

"झालं का?" बाईंनी विचारले.

"झालं."

"जेवलात का?"

नागोजी म्हणाले, "तुम्ही?"

"डब्यात पुरणपोळी आहे. एकटीला जात नाही." मग दोघेही फोन धरून बसले, बाई पोळी खात होत्या आणि नागोजी ऐकत होते.

तिसरे दिवशी दिवाणजी आले, रसद म्हणून खोबऱ्याच्या वड्या आणल्या. म्हणाले, "काय नागोजीराव, काही विशेष?"

"वेशी बदलल्या."

"असं? आम्हाला तर कळलंसुद्धा नाही. वा. तुम्ही इथं असता म्हणून आम्ही निर्धास्त. पुढल्या गौरींनाही तुम्हीच थांबा."

नागोजींनी वडी घेतली आणि जी म्हणाले.

ऐसा मजकूर जाहला. वेशी नव्या, वाटा चालू, वाटसरू सुखरूप. नागोजी तेथेच आहेत.