महेबूबभाईंनी लावलेलं झाकण

डॉक्टरांनी दोघा मित्रांना नीट समजावलं होतं. "गुरुजी, तुमच्या सांध्यांची झीज झालीय. रोजच्या गोळीनं सूज आणि ठणका उतरेल. महेबूबभाईंचं शरीर मात्र आपल्याच सांध्यांशी भांडतंय. त्यांची गोळी ते भांडण शांत करते. आठवड्यातून एकच, आणि गुण यायला दोन महिने."

पण परीक्षा घेतल्याशिवाय निकाल मानतील ते धोंडीराम गुरुजी कसले! त्यांच्या गोळ्या कॉफीच्या जुन्या काचेच्या बरणीत असत. कोणाची गोळी भारी ते ठरवायला, संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर चहा झाला, की महेबूबभाईंनी सगळा जोर लावून झाकण बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर गुरुजींनी ते उघडायचं.

सात आठवडे झाकण नुसतं टेकवल्यासारखं असे.

"बघा, दोन बोटांत निघालं! आमची गोळी रोज कामावर जाते. तुमची आठवड्यातून एकदा हजेरी लावते."

"सरकारी नोकरीत आसंल," महेबूबभाई हसत आणि वाकडी बोटं खिशात घालत. वर्षभर त्यांच्या शिलाई मशीनवर कापड चढलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात एका सकाळी झाकण हलेना. गोळीशिवाय हात चालेना, हाताशिवाय गोळी निघेना. लेकीनं, चांगुणानं, फडक्यात धरून पाहिलं, गरम पाण्यात बुडवलं, दाराच्या फटीत अडकवलं. दार निखळलं.

"आप्पा, फोडू का?"

"तुझ्या आईची बरणी आहे ती!"

शेजारचा देवराम तालमीतून आलेला, तोही घामाघूम होऊन म्हणाला, "लय घट्ट हाय, गुरुजी. लावलं कोणी?"

"कोणी म्हणजे..." गुरुजी थबकले. मग एकटेच हसू लागले. पेटी उघडून त्यांनी काहीतरी काढलं, बगलेत धरलं आणि बरणी घेऊन लंगडत दूधबाजारातलं महेबूबभाईंचं दुकान गाठलं.

"झाकण लावलं, की वेल्डिंग केलं?"

"मैं? रोजच्यासारखंच लावलं." महेबूबभाईंनी एका पिळात ते काढलं आणि आपल्याच हाताकडे बघत राहिले. "गुरुजी... तुमची गोळी हारली."

"हरू दे. आधी ती खाऊ द्या."

"बगलेत काय?"

"शर्टाचं कापड. हिनं जाण्याआधी घेतलेलं. दुसऱ्या शिंप्याकडे टाकवेना."

गळ्यात टेप टाकून महेबूबभाईंनी मापं घेतली, कमरेपाशी थांबले.

"पोट दोन इंच वाढलंय. ह्याला कोणती गोळी लावायची, रोजची का आठवड्याची?"